प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं ओझं: एलेव्हेंटीतला मेटाडेटा प्लगइनने कसा आवरायचा

सायकल दुरुस्तीवरच्या लेखांची एक साइट मी सांभाळतो. ती एलेव्हेंटीवर चालते, म्हणजे मजकुराच्या फाइलींपासून तयार वेबपानं बनवणाऱ्या साधनावर. ६४ पानं, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर फ्रंट मॅटरच्या (म्हणजे फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेल्या पानाच्या माहितीच्या) चौदा-चौदा ओळी. एकदा परवान्याची ओळ सगळीकडे बदलायची होती. एडिटरमधून शोधा-बदला केलं, बिल्ड (फाइलींपासून साइट तयार करणं) विनातक्रार झालं, विषय संपला असं वाटलं. दोन महिन्यांनी कळलं की तीन पानांवर जुनाच परवाना झळकतोय. त्या पानांवर फील्डचं नाव ‘परवाना’ नव्हतंच, ‘लायसन्स’ होतं. आणि दोन्ही नावं चालवून घेणारी अट टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) मीच कधीतरी घालून ठेवली होती.

त्यानंतर जी साफसफाई केली, ती टप्प्याटप्प्याने इथे मांडतो आहे. सुरुवात प्लगइनपासून (एलेव्हेंटीला जोडायच्या आपल्या छोट्या कोडपासून) करायची नाही, हे आधी सांगून ठेवतो. बहुतेक जण (मीही) पहिल्या दिवशी प्लगइन लिहायला बसतात आणि सगळी माहिती त्याच्या पोटात कोंबतात. मग लेखकाचं नाव बदलायला जावास्क्रिप्ट उघडावी लागते. प्रत्येक माहिती जिथपर्यंत खरी आहे त्या पातळीवर, साध्या डेटा फाइलीत, एकदाच लिहायची. प्लगइनने फक्त राखण करायची आणि जे हिशोबाने काढता येतं ते काढून द्यायचं.

लेखातलं सगळं एलेव्हेंटीच्या ३.० किंवा त्यापुढच्या आवृत्तीला धरून आहे. फील्डची आणि फंक्शनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीतच टाका.

आधी मोजदाद

माझ्या एका पानाचं डोकं साफसफाईपूर्वी साधारण असं होतं:

---
शीर्षक: साखळी बदलताना
वर्णन: झिजलेली साखळी ओळखणं आणि नवी बसवणं
लेखक: संपादक
परवाना: मुक्त
भाषा: मराठी
लेआउट: लेख
विभाग: दुरुस्ती
चित्र: सामायिक-चित्र
पत्ता: दुरुस्ती/साखळी
तारीख: 2024-11-18
टॅग्ज: [लेख, दुरुस्ती, साखळी]
पातळी: सोपी
वाचनवेळ: 6
मसुदा: नाही
---

यातल्या किती ओळी खरोखर या पानाच्या आहेत? नजरेने ठरवू नका, मोजा. एलेव्हेंटी फ्रंट मॅटर वाचायला ‘ग्रे-मॅटर’ नावाची लायब्ररी वापरते. तीच घेऊन तीसेक ओळींची एक स्क्रिप्ट लिहा. तिने सगळ्या मजकूर फाइलींवरून फिरायचं आणि प्रत्येक फील्डबद्दल तीन गोष्टी छापायच्या: ते किती फाइलींत आहे, त्याची वेगवेगळी मूल्यं किती आहेत, आणि ती मूल्यं कुठल्या प्रकारची आहेत (मजकूर, संख्या, तारीख, यादी, होय-नाही).

हे तीन आकडे बरंच काही बोलून जातात. फील्ड ६४ फाइलींत आणि मूल्य एकच, म्हणजे ते पूर्ण साइटचं आहे. मूल्यं फोल्डरगणिक बदलतात पण एका फोल्डरच्या आत सारखीच राहतात, म्हणजे ते विभागाचं. जवळपास प्रत्येक फाइलीत वेगळं, म्हणजे ते पानाचं. एखादं फील्ड फक्त दोन-तीन फाइलींत सापडलं तर बहुतेक वेळा ती टंकनचूक असते किंवा विसरलेला प्रयोग. माझं ‘लायसन्स’ इथेच पकडलं गेलं असतं.

प्रकाराचा रकाना तर डोळे उघडणारा आहे. फ्रंट मॅटर ज्या पद्धतीने लिहितात ते याम्ल दिसतं साधं, पण अवतरणचिन्हं नसलेल्या मूल्याचा अर्थ ते आपल्या मर्जीने लावतं. आवृत्ती 1.10 लिहिली तर ती संख्या होते आणि पानावर 1.1 छापली जाते. शीर्षकात दुसरा अपूर्णविराम आला (‘ब्रेक: भाग पहिला’ असं काही) की बिल्ड तिथेच आडवं होतं. होय-नाहीच्या फील्डमध्ये कुणी मराठीत ‘नाही’ लिहिलं तर तो निव्वळ मजकूर असतो, आणि रिकामा नसलेला मजकूर जावास्क्रिप्टच्या लेखी खराच. म्हणजे ‘मसुदा: नाही’ असलेलं वरचं पान कोडच्या दृष्टीने मसुदाच आहे!

ही स्क्रिप्ट टाकून देऊ नका. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

कोणाचा शब्द शेवटचा?

एकच फील्ड दोन ठिकाणी असेल तर कुठलं मानायचं, हे एलेव्हेंटीत ठरलेलं आहे. त्याला डेटा कॅस्केड म्हणतात. सर्वात प्रबळ ते सर्वात दुबळं असा क्रम:

१. कम्प्युटेड डेटा, म्हणजे शेवटी हिशोबाने काढलेली मूल्यं
२. पानाचं स्वतःचं फ्रंट मॅटर
३. त्या एका पानासाठीची डेटा फाइल
४. फोल्डरची डेटा फाइल, आणि तिच्यानंतर वरच्या फोल्डरांच्या
५. लेआउटमधलं फ्रंट मॅटर
६. कॉन्फिगरेशनमधून घातलेला ग्लोबल डेटा
७. ग्लोबल डेटा फोल्डरमधल्या फाइली

पाचव्या क्रमांकावर बरेच जण अडखळतात. लेआउट पानाच्या अगदी जवळचा वाटतो, म्हणून त्यातलं मूल्य फोल्डरच्या मूल्याला हरवेल अशी अपेक्षा असते. १.० आवृत्तीपासून तसं होत नाही, फोल्डरचं मूल्य जिंकतं. माझं मत विचाराल तर लेआउटमध्ये मजकुराचा मेटाडेटा ठेवूच नये. लेआउट हा दिसण्याचा कारभार, त्याला परवान्याशी काय देणंघेणं?

दुसरी खोच याद्यांची. १.० पासूनच डेटा खोलवर एकत्र केला जातो, म्हणजे फोल्डरच्या फाइलीत टॅगांची यादी असेल आणि पानातही असेल तर पानाची यादी आधीचीला पुसत नाही, तिला जोडली जाते. बहुतेकदा हेच हवं असतं. नको असेल तेव्हा पानातल्या फील्डच्या नावाआधी ‘ओव्हरराइड’ आणि अपूर्णविराम लावायचा.

हलवाहलव, एका वेळी एकच फील्ड

आता फील्डचे चार ढीग (साइटचा, विभागाचा, पानाचा आणि हिशोबाने निघणारा) आपापल्या जागी जातील. साइटभर सारखी असलेली मूल्यं ग्लोबल डेटा फोल्डरमध्ये ‘साइट’ नावाच्या एका फाइलीत. विभागाची मूल्यं त्या त्या फोल्डरमध्ये, फोल्डरच्याच नावाच्या डेटा फाइलीत: ‘दुरुस्ती’ फोल्डरात ‘दुरुस्ती’ नावाची जेसन फाइल. पानाची मूल्यं पानातच राहतात. हिशोबाने निघणाऱ्या ओळी (वाचनवेळ, पत्ता) तर थेट खोडायच्या.

खरी भीती असते ती हलवताना काहीतरी गुपचूप बदलण्याची. त्यावर माझा उपाय फार साधा आहे आणि या अख्ख्या लेखातून एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला. सुरुवातीला साइट बिल्ड करा आणि आउटपुट फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. एक फील्ड हलवा, पुन्हा बिल्ड करा, आणि दोन्ही फोल्डर डिफने ताडून पाहा. फरक शून्य आला तर कमिट करा आणि पुढच्या फील्डकडे वळा. फरक दिसला तर घाबरायचं कारण नाही. आजवर कुणाच्या लक्षात न आलेली विसंगती बहुतेक तिथेच उघडी पडलेली असते. ‘लेखक’ हलवला तेव्हा मला पाच पानांवर फरक दिसला, कारण तिथे नावाच्या शेवटी एक जादा पूर्णविराम होता.

पानाचं तेच डोकं या टप्प्यानंतर:

---
शीर्षक: साखळी बदलताना
वर्णन: झिजलेली साखळी ओळखणं आणि नवी बसवणं
तारीख: 2024-11-18
विषय: [साखळी]
पातळी: सोपी
---

चौदाच्या पाच ओळी झाल्या. ‘टॅग्ज’ जाऊन ‘विषय’ आला आहे, तो मुद्दाम. एलेव्हेंटीत टॅग हे कलेक्शन (एकत्र दाखवायच्या पानांचा गट) बनवण्याचं यंत्र आहे. ‘लेख’ हा टॅग माझ्या टेम्पलेटच्या सोयीसाठी होता, ‘साखळी’ वाचकासाठी. दोन्ही एकाच यादीत घातले की वाचकाला दाखवायच्या यादीतून अंतर्गत टॅग गाळणारा फिल्टर प्रत्येक ठिकाणी लावत बसावं लागतं. म्हणून यंत्राचा टॅग फोल्डरच्या फाइलीत, आणि वाचकाचे विषय वेगळ्या फील्डमध्ये.

तारीख मात्र पानातून काढू नका. ती दिली नाही तर एलेव्हेंटी फाइल तयार झाल्याची तारीख धरते. तुमच्या यंत्रावर सगळं ठीक दिसतं, पण सर्व्हरवर बिल्ड होताना रेपो (फाइलींचा साठा) नव्याने क्लोन होतो आणि सगळे लेख आजच लिहिल्यासारखे दिसायला लागतात. आणखी एक, वेळ न देता नुसती तारीख लिहिली तर ती यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) मध्यरात्र मानली जाते. छापताना स्थानिक वेळेत बदललीत तर यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशात ती एक दिवस आधीची दिसते. तारीख छापणाऱ्या फिल्टरमध्ये यूटीसी ठरवून टाका, म्हणजे हा घोळ होत नाही.

आता प्लगइन

एलेव्हेंटीचं प्लगइन म्हणजे दोन आर्ग्युमेंट घेणारं एक फंक्शन, त्यापलीकडे काही नाही. पहिलं आर्ग्युमेंट कॉन्फिगरेशन, दुसरं तुम्ही दिलेले पर्याय. ते प्रोजेक्टमध्येच एका फाइलीत ठेवा आणि मुख्य कॉन्फिगरेशनमधून ‘ॲड-प्लगइन’ने जोडा.

फंक्शनच्या सुरुवातीलाच दोन पहारे. एक, ‘व्हर्जन-चेक’ने ३.० किंवा पुढची आवृत्ती आहे ना हे पाहणं. दोन, साइटचा मूळ पत्ता पर्यायांत आला नसेल तर तिथल्या तिथे एरर फेकणं. मूळ पत्त्यावाचून कॅनॉनिकल लिंक (पानाचा अधिकृत पूर्ण पत्ता) बनत नाही, आणि अर्धवट लिंक छापण्यापेक्षा बिल्ड न झालेलं बरं.

मग हिशोबाचा भाग. मी ‘मेटा’ नावाचं एकच ऑब्जेक्ट कम्प्युटेड डेटात बनवतो: पूर्ण शीर्षक (पानाचं शीर्षक आणि साइटचं नाव), वर्णन, कॅनॉनिकल पत्ता, सामायिक चित्र. पानात चित्र असेल तर ते, नसेल तर विभागाचं, तेही नसेल तर साइटचं. हे सगळे ‘नसेल तर’ इथे, एकाच जागी. लेआउटने फक्त ‘मेटा’कडूनच घ्यायचं, कच्च्या फील्डला हात लावायचा नाही. हा नियम पाळलात तर टेम्पलेटमधल्या अटींचं जंगल आपोआप विरतं.

इथे एक गोष्ट मला अर्धा दिवस खाऊन गेली. ‘ॲड-ग्लोबल-डेटा’ला फंक्शन दिलं की एलेव्हेंटी ते चालवते आणि आतून आलेलं मूल्य साठवते. कम्प्युटेड डेटासाठी तर आपल्याला फंक्शनच साठवायचं असतं. म्हणून फंक्शनमधून फंक्शन परत करावं लागतं: बाहेरचं एलेव्हेंटी लगेच चालवेल, आतलं प्रत्येक पानासाठी चालेल. एकच थर दिला तर ते पानाची माहिती हाती यायच्या आतच चालतं.

कम्प्युटेड डेटाच्या आणखी दोन मर्यादा आहेत. लेआउट, टॅग्ज, पेजिनेशन ही खास फील्डं तिथून बदलता येत नाहीत, कारण तोवर पानाची जुळणी झालेली असते (पत्ता मात्र बदलता येतो). आणि एक कम्प्युटेड मूल्य दुसऱ्यावर अवलंबून असेल तर एलेव्हेंटी तो क्रम स्वतः शोधते, पण दुसऱ्याचा उल्लेख एखाद्या अटीच्या आत दडला असेल तर तो तिला दिसेलच असं नाही. लागणारी सगळी मूल्यं फंक्शनच्या पहिल्या ओळींत व्हेरिएबलमध्ये काढून घ्या, अटी नंतर.

मसुद्यांसाठी ‘ॲड-प्रीप्रोसेसर’ आहे. त्यातून ‘फॉल्स’ परत केलं की ती फाइल नव्हतीच असं समजलं जातं. मी ते फक्त अंतिम बिल्डच्या वेळी करतो. एलेव्हेंटी चालू असताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून बिल्ड आहे की सर्व्ह हे कळतं, त्यामुळे लिहिताना मसुदे दिसतात आणि प्रकाशित होताना गळतात. विषयवार कलेक्शनही याच प्लगइनमध्ये ‘ॲड-कलेक्शन’ने बनवा. टॅग्जमधून विषय वेगळे काढल्यावर ते काम आपल्यावर येतं, पण दहा ओळींचंच आहे.

प्लगइन कधी चालतं हेही लक्षात असू द्या. ती मुख्य कॉन्फिगरेशन फाइल पूर्ण चालून झाल्यावर चालतात. म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये शेवटच्या ओळीत घातलेला ग्लोबल डेटाही प्लगइन त्याच नावाने पुसू शकतं. ते लगेच चालायला हवं असेल तर जोडताना ‘इमिजिएट’ हा पर्याय द्यावा लागतो.

राखण

३.० मध्ये डेटा तपासण्यासाठी ‘एलेव्हेंटी-डेटा-स्कीमा’ हे फील्ड आलं. त्यात एक फंक्शन द्यायचं, त्याला पानाचा डेटा मिळतो, आणि काही चुकलं असेल तर आपण एरर फेकायची. ‘झॉड’सारखी लायब्ररी वापरली तर नियम वाचनीय राहतात: वर्णन मजकूर असावं आणि रिकामं नसावं, पातळी तीन शब्दांपैकीच एक असावी, मसुदा हे खरंखुरं होय-नाही असावं.

ही तपासणी पूर्ण साइटला लावू नका. साइटमॅप, आरएसएस फीड, ‘पान सापडलं नाही’चं पान हीसुद्धा टेम्पलेटच आहेत. त्यांना वर्णन नसतं आणि पहिल्याच बिल्डला सगळं लाल होतं. स्कीमा लेखांच्या फोल्डरच्या डेटा फाइलीत ठेवा (फंक्शन असल्यामुळे ती जेसन नाही, जावास्क्रिप्ट फाइल लागते) आणि नियम प्लगइनमधून आयात करा.

शिवाय स्कीमाला एक गोष्ट जमत नाही: अनोळखी फील्ड पकडणं. त्याच्या हाती येणाऱ्या डेटात ग्लोबल फाइली, पानाची माहिती, कलेक्शन असं सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे ‘यादीबाहेरचं काही चालणार नाही’ असा कडक नियम लावताच येत नाही. ‘लायसन्स’सारखी चूक इथून अलगद निसटते. म्हणून पहिल्या टप्प्यातली स्क्रिप्ट. ती कच्चं फ्रंट मॅटर वाचते, तिथे फक्त आपणच लिहिलेली फील्डं असतात. तिला परवानगी असलेल्या नावांची यादी द्या, बाहेरचं नाव दिसलं की फाइलीचं नाव छापून थांबू द्या, आणि ती बिल्डच्या आधी चालवा.

एररमध्ये काय लिहायचं यावरही थोडा वेळ घालवा. ‘वैधता तपासणी अयशस्वी’ हे वाचून कुणाला काय करायचं ते कळत नाही. कुठली फाइल, कुठलं फील्ड, काय मिळालं, काय हवं होतं: हे चारही असू द्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळे खड्डे

हे सहसा कुठल्या मार्गदर्शकात सापडत नाहीत, म्हणून सविस्तर.

‘ॲप’ आणि ‘अॅप’ हे दोन शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिल्यात ‘ॲ’ हे युनिकोडमधलं एकच अक्षर आहे, दुसऱ्यात ‘अ’वर वेगळा चंद्र बसवलेला आहे. संगणकासाठी हे दोन वेगळे शब्द, म्हणून विषयांची दोन वेगळी पानं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) लावूनही ते एक होत नाहीत. तीच गत ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ची: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. कुठला कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं. प्लगइनमध्ये विषय घेताना आधी एनएफसी नॉर्मलायझेशन करा, मग या दोन जोड्यांसाठी स्वतः बदली लिहा, आणि टोकांच्या मोकळ्या जागा छाटा.

दुसरा खड्डा अंकांचा. तारीख देवनागरी अंकांत लिहिली तर याम्लसाठी ती तारीख नसतेच, मजकूर असतो, आणि एलेव्हेंटी ती नाकारते. क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला तर कुणीच ओरडत नाही, पण लावणी मजकुरासारखी होते आणि १० हा २ च्या आधी येतो. फ्रंट मॅटरमध्ये अंक इंग्रजीच ठेवा आणि छापताना फिल्टरने देवनागरी करा. वरच्या नमुन्यात तारीख तशी दिसते ती याचसाठी.

तिसरा पत्त्यांचा. नावापासून पत्त्याचा तुकडा बनवणारा एलेव्हेंटीचा ‘स्लगिफाय’ फिल्टर देवनागरी अक्षरं गाळून टाकतो. सगळे विषय मराठीत असतील तर सगळ्यांचा पत्ता रिकामा, मग दोन पानं एकाच ठिकाणी लिहायला जातात आणि बिल्ड तक्रार करतं. विषयांची एक डेटा फाइल करा: दाखवायचं मराठी नाव, पत्त्यासाठी रोमन नाव, एका ओळीचं वर्णन. त्या फाइलीत नसलेला विषय पानात आला की स्कीमाने अडवायचं. म्हणजे विषयांची यादी मोकाट वाढत नाही, हा वर फायदा.

एलेव्हेंटी वापरत नसाल तर

विचार तोच, जागा वेगळ्या. २००८ पासून असलेल्या जेकिलमध्ये कॉन्फिगरेशन फाइलीतच फोल्डरनुसार फ्रंट मॅटरची डीफॉल्ट मूल्यं देता येतात. ती बदलल्यावर सर्व्हर पुन्हा चालू करावा लागतो, नाहीतर बदल दिसत नाही. ह्यूगोत विभागाच्या मुख्य फाइलीत ‘कॅस्केड’ लिहिलं की खालची सगळी पानं ते घेतात. मेटलस्मिथमध्ये तर सगळंच प्लगइन असतं आणि ती ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने चालतात, म्हणून डीफॉल्ट मूल्यं भरणारं प्लगइन लेआउटवाल्याच्या आधी हवं.

आरसा पान

शेवटचं काम अर्ध्या तासाचं. एक टेम्पलेट लिहा जे सगळ्या लेखांची एका तक्त्यात हजेरी घेतं: शीर्षक, वर्णनाची अक्षरसंख्या, तारीख, विषय, चित्र स्वतःचं आहे की उसनं. हे पान कलेक्शनमधून वगळा, आणि अंतिम बिल्डमध्ये त्याचा पत्ता ‘फॉल्स’ करा म्हणजे ते बाहेर पडणार नाही. ‘मेटा’ ऑब्जेक्टचा प्रत्यक्षात काय निकाल लागतो आहे हे एका नजरेत दिसणारी हीच एक जागा. स्कीमा सांगतो वर्णन आहे की नाही. ते वर्णन सात पानांवर शब्दशः तेच आहे, हे मला या तक्त्यात दिसलं. नवं पान बनवताना जुन्याची प्रत काढण्याची माझी सवय, दुसरं काय.